इस्त्रीची माहितीपुस्तिका

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात आपल्यापैकी बहुतेकांनी निदान दोन तरी चर्चासत्रांच्या खुर्च्या झिजवल्या असतील. अशाच एका चर्चासत्रात मी एक लहानशी सूचना केली. एम. ए.च्या गद्याच्या अभ्यासपत्रिकेत एक घटक कृतिपर गद्याचा असावा, म्हणजे एखादी गोष्ट कशी करावी हे सांगणाऱ्या लेखनाचा. आणि तो 'व्यावहारिक मराठी'च्या अडगळीत न टाकता कादंबरीच्या शेजारी, त्याच गांभीर्याने शिकवला जावा. अध्यक्षस्थानी असलेले ज्येष्ठ समीक्षक हसले आणि म्हणाले, "मॅडम, मग उद्या इस्त्रीची माहितीपुस्तिकाही लावा अभ्यासक्रमाला." सभागृह हसले. मीही हसले. त्यांनी इस्त्री हा शब्द सहज, तोंडाला आला म्हणून उच्चारला होता. माझ्या बाबतीत मात्र हा सगळा वाद खरोखरच एका इस्त्रीपाशी सुरू झालेला आहे. उत्तर द्यायला तेथे वेळ नव्हता, म्हणून ते येथे देते.

२०२३ च्या उन्हाळ्यात आमच्या महाविद्यालयाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने सायंकाळचा एक छोटा वर्ग सुरू केला. घरच्या घरी सर्किट बोर्ड तयार करणे हा त्याचा विषय. मुले चौदा, बहुतेक दिवसा कुठेतरी कामाला जाणारी, मराठी माध्यमातून आलेली. विभागाकडे सहा पानांची इंग्रजी हस्तपुस्तिका होती. विभागातील सरांनी ती माझ्या हाती दिली आणि म्हणाले, "तुम्ही मराठीच्या. तुम्हाला काय, एका संध्याकाळचे काम." मलाही तसेच वाटले. वीस वर्षे गद्यशैली शिकवणाऱ्या बाईला सहा पानांचे काय अवघड?

सर्किट बोर्ड म्हणजे काय, हे साहित्याच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगायला हवे. टीव्हीचा रिमोट उघडला की आत जी हिरवी किंवा तपकिरी पाटी दिसते, तो बोर्ड. मूळ पाटी असते काचतंतूंची किंवा राळ मुरवलेल्या कागदाची. तिच्या एका अंगावर तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेला असतो, साधारणपणे ३५ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरचा अठ्ठाविसावा-तिसावा भाग. जेथे तारा हव्यात तेथले तांबे झाकायचे आणि बाकीचे खाऊन टाकायचे. उरलेल्या रेघा म्हणजेच तारा. घरगुती पद्धतीत झाकण्याचे काम लेझर प्रिंटरचा टोनर करतो. तो शाई नसून प्लास्टिकची भुकटी असतो, म्हणून उष्णतेने वितळतो. चकचकीत कागदावर नकाशा छापायचा, कागद तांब्यावर पालथा घालायचा आणि वरून कडक तापलेली इस्त्री दाबून धरायची. टोनर वितळून तांब्याला धरतो. मग पाण्यात भिजवून कागद सोलायचा. (शाईच्या प्रिंटरने हे होत नाही, तेथे शाई पाण्यातली असते आणि पाण्यातच जाते.) त्यानंतर फेरिक क्लोराइडचे द्रावण उघडे तांबे खाते, झाकलेले ठेवते.

तर माझ्या मराठी हस्तपुस्तिकेतील चौथे वाक्य असे होते: "ताम्रमार्गांची प्रतिमा व्यस्त करून चकचकीत कागदावर मुद्रित करावी व उष्णतेच्या साहाय्याने मुद्रित परिपथ फलकाच्या ताम्रपृष्ठावर संक्रमित करावी." मला त्या वाक्याचा थोडा अभिमानही वाटला होता. 'मुद्रित परिपथ फलक' हे मीच जुळवलेले.

चौदापैकी अकरा बोर्ड उलटे झाले. उलटे म्हणजे आरशातले. मुले एक दिवा मिणमिणवणारे साधे सर्किट करीत होती. त्यात ५५५ नावाची आयसी असते, १९७२ मध्ये बाजारात आलेली आणि अजून रुपयांत मिळणारी. तिला आठ पाय. एक क्रमांकाच्या पायाला बॅटरीचे ऋण टोक लागते, आठ क्रमांकाच्या पायाला धन. आणि हे दोन पाय बरोबर समोरासमोर असतात. बोर्ड आरशातला झाला की त्यांची अदलाबदल होते. रेझिस्टरला उलटसुलट कळत नाही, दिव्याचे दोन पाय फिरवून लावता येतात; आयसीला मात्र सर्व कळते. अकरा मुलांनी नऊ व्होल्टची बॅटरी जोडली आणि अकरा आयसी हाताला चटका बसेल इतक्या तापल्या. एका मुलाने दुसरी आयसी घेतली, उताणी केली, तिचे पाय उलट्या बाजूला वाकवले आणि त्याच बोर्डावर बसवून दिवा मिणमिणवून दाखवला. पाठ चुकीचा होता म्हणून त्याने वाचकालाच उलटे टांगले. त्या मुलाचे मला आजही कौतुक वाटते, पण तेव्हा शरमेने मान खाली गेली होती.

बोर्ड बरोबर आलेल्या तिघांना मी विचारले. त्यांनी माझे पान वाचलेच नव्हते. मोबाइलवर एक हिंदी व्हिडिओ पाहिला होता.

आता या वाक्याची समीक्षा करू. आपण कवितेच्या एका शब्दावर तासभर बोलतो, तेव्हा ही चैन मलाही करू द्यावी. प्रथमदर्शनी दोष परिभाषेचा वाटतो आणि तो आहेही. पण 'मुद्रित परिपथ फलक' या शब्दाने कोणाचाही बोर्ड बिघडला नाही. मुलांनी तो शब्द वाचला, एकमेकांकडे पाहिले आणि 'बोर्ड' म्हणून पुढे गेली. अवजड शब्द माणूस ओलांडतो. बोर्ड बिघडला तो एका साध्या क्रियापदाने. मूळ इंग्रजी वाक्यात एका स्थितीचे वर्णन होते: कागदावरची प्रतिमा तांब्यावरच्या प्रतिमेच्या उलटी असते. मी लिहिले, "व्यस्त करून". असण्याचे मी करणे केले. संगणकावर आपण बोर्डाकडे वरून पाहत असतो, जणू तो काचेचा आहे. खालच्या अंगाचे तांबे त्या चित्रात आधीच उलटे दिसते. ते आहे तसे छापले की झाले. मुलांनी मात्र आज्ञाधारकपणे संगणकाला 'आरसा' करायला सांगितले, आणि उलट्याचे उलटे होऊन सुलटे छापले गेले. माझ्या क्रियापदावर विश्वास ठेवणाऱ्यांचेच नुकसान झाले.

ही चूक मी का केली? इंग्रजी येत नव्हते म्हणून नव्हे. मी ते काम कधी हाताने केले नव्हते, आणि मराठी गद्याच्या माझ्या शिक्षणात असे वाक्य करून पाहावे लागते हे मला कोणी सांगितले नव्हते. आम्हांला 'करावे, मुद्रित करावे, संक्रमित करावे' अशी एक सरकारी विध्यर्थाची चाल शिकवली गेली आहे. कोणी करावे, कोठे उभे राहून करावे, कोणत्या बाजूने पाहावे, हे त्या चालीत कधीच येत नाही. वाक्य कोणाशीही बोलत नाही. 'व्यावहारिक मराठी'च्या नावाखाली आपण विद्यार्थ्यांना अर्ज, इतिवृत्त, जाहिरात, निमंत्रणपत्रिका शिकवतो. या सर्वांत एक समान गुण आहे: वाक्य चुकले तरी काहीही तापत नाही.

नंतर मी ते काम शिकले. पुण्याच्या तापकीर गल्लीत जाऊन सामान आणले. तेथे 'ताम्रपृष्ठ' मागितले असते तर दुकानदाराने मला देवाच्या भांड्यांच्या दुकानाचा रस्ता दाखवला असता. तेथे 'कॉपर क्लॅड' मिळते, 'फेरिक' मिळते, 'पॉइंट आठचा ड्रिल' मिळतो. शब्द सुटसुटीत, आणि ज्यांचे पोट त्यांवर चालते त्यांनी घासून गुळगुळीत केलेले. डाख हा जुना मराठी शब्द मी अपेक्षेने उच्चारून पाहिला. दुकानातल्या वयस्कर गृहस्थांना तो कळला, मुलाला कळला नाही, तो 'सोल्डर' म्हणाला. मी तेव्हापासून दोन्ही लिहिते.

पहिले तीन बोर्ड माझ्याकडूनही वाया गेले, आणि कारणे निरनिराळी. पहिल्यात तांबे नीट घासले नव्हते. दुसऱ्यात इस्त्री वाफेची होती. तिच्या तळाला भोके, त्या त्या जागी उष्णता कमी, त्या त्या जागी रेघ तुटलेली. तिसरा फेरिकमध्ये ठेवून मी फोनवर बोलत राहिले; फेरिक टोनरच्या कडेखालून आत शिरले आणि बारीक रेघा कुरतडल्या गेल्या. त्यात एक सुती साडी कायमची गेली, कारण फेरिकचा तपकिरी डाग धुऊन जात नाही. पण चौथा बोर्ड पाण्यातून काढून टोनर पुसला आणि खालून तांब्याच्या लखलखीत रेघा वर आल्या, तेव्हा झालेला आनंद मी आपल्या क्षेत्रात फार कमी वेळा अनुभवला आहे.

हा उद्योग आपल्या क्षेत्राला इतका परका नाही, हेही तेव्हाच ध्यानात आले. फेरिक क्लोराइड चित्रकार तांब्याचे ठसे कोरण्यासाठी वापरतात. १९३६ च्या सुमारास लंडनमध्ये छापील सर्किटाचा रेडिओ बनवणारा पॉल आयस्लर हा व्हिएन्नाचा अभियंता, आणि इंग्लंडात येण्यापूर्वी तो छपाईच्या व्यवसायात काम केलेला होता. सर्किटाला 'छापील' म्हणतात ते अलंकारिक नव्हे. आणि उलटे अक्षर वाचण्याची कला तर मराठी छापखान्यांतील खिळे जुळवणाऱ्यांनी दीड शतक पोटासाठी सांभाळली. आपली सारी अभिजात पुस्तके आधी उलटीच वाचली गेली आहेत. त्या माणसांनी काय वाचले, कसे वाचले, याची नोंद मराठी समीक्षेत मला तरी सापडलेली नाही.

हा माझा मूळ आक्षेप आहे. मराठी समीक्षेने गद्याचे दोन भाग केले: ललित आणि ललितेतर. दुसऱ्या भागाचे नावच पाहा. ज्याला स्वतःचे नाव नाही, तो दुसरा कोणीतरी नाही एवढीच ज्याची ओळख. या 'इतर'मध्ये आपण लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' (१९१०) टाकले, कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' (१९७०) टाकली. वाटी आणि चमचा ही घरातली मापे घेऊन लिहिलेले हे दुसरे पुस्तक, ज्यांना घरी शिकवायला कोणी नव्हते अशा हजारो मुलींच्या हातून बरोबर स्वयंपाक करवून गेले. मराठीतील किती कादंबऱ्यांनी वाचकाच्या हातून काही करवले आहे? पाककृतीच्या गद्याला एक शहाणपण ठाऊक असते: घड्याळापेक्षा खूण सांगावी. कांदा किती मिनिटे परतायचा हे सांगून उपयोग नाही, कारण चूल वेगळी, कढई वेगळी; रंग सांगावा लागतो. फेरिकचेही अगदी तसेच. द्रावण ताजे आहे की वापरलेले, कोमट आहे की गार, यावर दहा मिनिटे लागतील की चाळीस हे ठरते. माझ्या पहिल्या हस्तपुस्तिकेत होते, "द्रावणात १५ मिनिटे ठेवावे." कोणत्याही चांगल्या पाकपुस्तकाच्या लेखिकेने त्या वाक्यावर लाल रेघ मारली असती. हे ज्ञान माझ्या माजघरात होते आणि मी ते ग्रंथालयात शोधत होते. ते बायकांचे आणि हाताचे म्हणून आपण त्याला शैलीचा प्रश्न मानले नाही, असा माझा आरोप आहे, आणि तो मी मागे घेणार नाही.

आता प्रतिपक्ष. पहिला आक्षेप सोपा आहे: घरी बोर्ड करायचाच कशाला? चीनमधील कारखाने दहा सेंटिमीटर चौरसाचे पाच बोर्ड काही डॉलरांत करून पाठवतात, दोन्ही अंगांनी तांबे, नेटकी भोके, वर हिरवे लुकण. खरे आहे. आमचे सरसुद्धा मोठ्या कामासाठी तेच मागवतात. पण मागवलेला बोर्ड चुकला की चूक कोठे झाली हे कळायला आठवडा-दोन आठवडे लागतात. घरचा त्याच संध्याकाळी सांगतो. शिकणाऱ्याला हा फरक फार मोठा आहे.

दुसरा आक्षेप व्हिडिओचा. त्या तिघांना व्हिडिओने तारले, हे मी वर कबूल केले आहे. पण व्हिडिओ त्याच्या संगणकावर काय दाबले ते दाखवतो, का दाबले ते बहुधा सांगत नाही. त्याच तिघांनी पुढच्या आठवड्यात वेगळ्या सॉफ्टवेअरवर काम केले आणि दोघांचे बोर्ड उलटे झाले. कारण सांगायला वाक्य लागते.

तिसरा आक्षेप गंभीर आहे, आणि अध्यक्ष महाशयांच्या विनोदामागे तोच होता असे मी त्यांच्या बाजूने समजते. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर प्रत्येक विभागाच्या दाराशी 'कौशल्य' हा शब्द येऊन उभा राहिला आहे. भाषेच्या विभागांनी उपयुक्तता सिद्ध करावी, नाहीतर तासिका कमी होतील, अशी टांगती तलवार आहे. अशा वेळी मराठीच्याच एका बाईने कृतिपर गद्याची मागणी करणे म्हणजे किल्ल्याचा दरवाजा आतून उघडणे नव्हे काय? ही भीती मलाही आहे. मीही तासिका मोजते. पण जे कौशल्य-कौशल्य म्हणून येत आहेत त्यांना वाक्य नको आहे, त्यांना प्रमाणपत्र हवे आहे. मी मागते आहे ती अधिक कडक समीक्षा: जिच्यासमोर 'असावी' आणि 'करावी' यांतील अंतर पळवाट काढू शकत नाही. कवितेची चुकीची मीमांसा मी वीस वर्षे करीत असेन तर मला कोण सांगणार? आयसीने मला चार सेकंदांत सांगितले. आणि ज्या भाषेतल्या सूचनेवर विसंबून गिरणगावातला किंवा गडहिंग्लजचा एखादा मुलगा तापलेली इस्त्री आणि आम्ल हाताळू शकत नाही, त्या भाषेचे अभिजातपण तो कशावरून मानेल? ताम्रपटांवरून? आपण ताम्रपट अभ्यासक्रमात लावतो, रास्तच आहे. तांब्यावर लिहिलेली अक्षरेच ती.

हस्तपुस्तिका मी पुन्हा लिहिली. सहाची नऊ पाने झाली. त्यातला हा भाग, अध्यक्ष महाशयांच्या अवलोकनार्थ:

"बोर्ड काथ्याने आणि साबणाने घासा, देवाचे ताम्हण घासतो तसा. धुऊन पुसला की त्याला फक्त कडेने धरा. बोट लागले तेथे तेल लागते; तेल लागले तेथे टोनर धरत नाही.

नकाशात तांब्याच्या थरावर स्वतःचे नाव घाला. तयार बोर्डाच्या तांब्याच्या अंगावर ते सरळ वाचता यायला हवे. कागद छापून आला की इस्त्रीला हात लावण्यापूर्वी ते नाव वाचा. ते उलटे दिसले पाहिजे, आरशात दिसते तसे. सरळ दिसले तर तो कागद वापरू नका.

फेरिक पाण्यात टाका, थोडेथोडे. पाणी फेरिकवर ओतू नका, ते एकदम तापते. हातमोजे घाला, डोळ्यांना चष्मा लावा, खिडकी उघडा. भांडे प्लास्टिकचे किंवा काचेचे घ्या. स्टीलचे किंवा अॅल्युमिनियमचे नको, फेरिक भांडेही खाते. भांडे हलवत राहा. घड्याळाकडे पाहू नका, बोर्डाकडे पाहा: आधी कडेचे तांबे जाते, मग मधले. रेघांमधला शेवटचा गुलाबी ठिपका गेला की लगेच बाहेर काढा.

वापरलेले फेरिक मोरीत ओतू नका. त्यात आता तुमच्या बोर्डाचे तांबे आहे, आणि ते नदीतल्या माशांना मारते. बरणीत भरून प्रयोगशाळेत आणून द्या."

यातले नाव घालण्याचे कलम माझे नव्हे. ती युक्ती या छंदातील लोकांना जुनीच आहे. मला ती आयसीचे पाय वाकवणाऱ्या मुलाने सांगितली. मी फक्त ती कोणत्या वाक्यानंतर यावी हे ठरवले, आणि त्याला चार खर्डे लागले. 'उलटे दिसले पाहिजे' की 'उलटे दिसेल' यावर आमचा दोघांचा वाद झाला. तो 'दिसेल'च्या बाजूने होता. त्याचे म्हणणे, 'पाहिजे' म्हटले की मुले ते उलटे करायला जातील. मी 'पाहिजे' ठेवले आहे, पण पुढच्या वर्गात कितीजण फसतात ते पाहून बदलीन.

तो वर्ग येत्या जूनमध्ये आहे. अध्यक्ष महाशयांना मी निमंत्रण पाठवले आहे. त्यांनी येताना घरची जुनी इस्त्री आणावी, सपाट तळाची, वाफेची नको. मात्र एकदा तिला टोनर लागला की तिने पुन्हा झब्बा कडक करता येणार नाही.